भिंतीकडची बाजू

शनिवार, ८ मार्च

तपासणी अधिकारी बाईसाहेबांस,

काल तुम्ही आमच्या या अकरा म्हाताऱ्यांच्या घरात येऊन गेलात. माझ्या पलंगाशी उभ्या राहिलात आणि हातातल्या फळीवर कागद धरून विचारलंत, "आजी, इथं तुमची काळजी नीट घेतात ना?" मी म्हटलं, "घेतात की." तुम्ही लिहून घेतलंत. मग विचारलंत, "जेवण गरम मिळतं?" मी म्हटलं, "आज मिळालं." तेही लिहून घेतलंत, पण 'आज' गाळून. फळी माझ्या नाकासमोर होती, आणि चौथीतून शाळा सुटली असली तरी मला वाचता येतं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. तुमची बाराखडी मीच गिरवून घेतलेली आहे.

आता पुरे अहोजाहो. भिंगरे, नाटक छान वठवलंस. तुझ्याबरोबर ते जाड चष्म्याचे साहेब होते. त्यांच्यादेखत "ही माझी आजी" म्हणाली असतीस तर काम फिसकटलं असतं, एवढी अक्कल मला आहे. जिथं आपलं माणूस राहतं त्या घराची तपासणी आपण करायची नाही, असा तुमच्यात नियम आहे म्हणे. तूच सांगितलं होतंस. मग तुला इथं कशी पाठवली, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण म्हटलं राहू दे, पोर आली ना.

अत्तरबाई तेवढ्या छताकडे बघून हसत होत्या. ह्या घराच्या चालक, पण मी त्यांना अत्तरबाईच म्हणते, कारण त्या यायच्या आधी त्यांचा वास येतो आणि गेल्यावर अर्धा तास बसून राहतो. त्यांना माहीत आहे तू माझी कोण ते. दर रविवारी येतेस, सहीच्या वहीत 'नात' लिहितेस. तरी त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, तुला घाबरल्या.

साहेब स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून उभे होते तेव्हा तू माझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पलंगापाशी गेलीस. मी डोळे मिटून पडले होते, पण एक किलकिला ठेवला होता. खाली वाकलीस. चादरीचा पायाकडचा, भिंतीकडचा कोपरा चाचपलास. सापडला ना? सोमवारपासून रोज सकाळी एक, असे पाच टाके. मोबाइल काढून फोटो घेतलास. घेताना अंगठ्यावरचा पांढरा डाग दिसला. सात वर्षांची असताना धुलाईतल्या वाफेच्या इस्त्रीला बोट लावून बघितलं होतंस, त्याचा. मी आधी ओरडले होते आणि पाणी नंतर घातलं होतं.

मग तू नखाने दोरा उसवलास. गाठ एकाच टोकाला होती, सरळ ओढलास तर सगळा आला. बोटाला गुंडाळून पिशवीत टाकलास. मी म्हटलं, हुशार आहे. वस्तू हाती घेतली.

मास्तरीणबाई तुझ्याकडे बघत होत्या. त्यांची एक बाजू गेलेली, जिभेवर तीनच शब्द उरलेत. बरोबर, चूक आणि पुरे. जन्मभर वर्गात तेवढेच लागले असतील. तू दोरा पिशवीत टाकलास तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक." मी त्यांना गप्प बसायची खूण केली.

अहवाल कधी येतो ते कळव. फोन तू उचलत नाहीस, आणि इथला फोन अत्तरबाईंच्या टेबलावर असतो. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, आपणहून दाराखालून आत येतं.

तुझी आजी

&nbsp;

शुक्रवार, १४ मार्च

भिंगरे,

अहवाल आला. पत्रानं नाही, खिळ्यानं. अत्तरबाईंनी जेवणाच्या खोलीत भिंतीला ठोकलाय, चौकटीत घालून. चौकट आधीच आणून ठेवली होती असं धांदल म्हणाली. धांदल म्हणजे आमची सेविका. दिवसा अकराजणांना ती एकटी, म्हणून कायम धावत असते, म्हणून धांदल. हे पत्र टाकणार तीच.

मी चष्मा लावून सगळा वाचला. अर्धा तास लागला. मधे एक खुर्ची मागवली. "बिछाने स्वच्छ व रोज बदललेले. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची कूस दर दोन तासांनी बदलली जाते, तशी नोंद तक्त्यावर आहे. एकूण दर्जा उत्तम." खाली सही. तुझ्या सहीतला शेवटचा फराटा मला पाठ आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही करायचीस तेव्हापासून.

मी दुसरीकडे कुठं दोऱ्याचं लिहिलंय का ते शोधलं. चौकट उलटून मागची बाजूही बघितली. मागे खिळ्याचं भोक होतं.

पण खरी गोष्ट त्याआधीची. सोमवारी सकाळी अत्तरबाई आल्या त्या थेट माझ्या पलंगाशी. इकडे तिकडे बघणं नाही, विचारणं नाही. उशीच्या अभ्र्यात हात घातला, औषधाची रिकामी डबी काढली, उघडली. आत सुई आणि लाल रीळ.

"आजी, टोकदार वस्तू जवळ ठेवायची नाही, नियम आहे. कुणाला टोचली म्हणजे?"

मी म्हटलं, "सात महिने आहे माझ्याकडे. कुणाला टोचली नाही. आत्ताच तुम्हाला टोचायला लागली?"

हसल्या. डबी खिशात गेली.

आता मला सांग. ती सुई उशीच्या अभ्र्यात आहे हे जगात किती जणांना ठाऊक होतं? धांदलला नाही. मास्तरीणबाईंना होतं, पण त्या सांगणार कशा, "बरोबर-चूक" म्हणून? उरली एक. मागच्या अंगणातल्या बाकावर जिला मी सगळं सांगितलं ती.

त्या रविवारचं बोलणं माझ्या कानात आहे. मी तुला म्हटलं, मास्तरीणबाईंची कूस कोणी बदलत नाही. पलंग भिंतीला चिकटलेला, पलीकडून कोणी जाऊ शकत नाही, धांदलचा हात एकीकडूनच पोचतो. मग बाई सकाळपासून सांजेपर्यंत उजव्या अंगावर. आणि तक्त्यावर मात्र आठ, दहा, बारा, दोन, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. एका शाईच्या, एका बैठकीत केलेल्या. तू म्हणालीस, "आजी, मला तक्त्यावर जावं लागतं. पुराव्याशिवाय मी काय लिहू?"

मी म्हटलं, पुरावा मी देते. एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या धुलाईत गेली माझी. तिथं कोपऱ्यात रंगीत टाका घालून चादरी ओळखायचो, कुठल्या वॉर्डाची, कधीची. माणूस खोटं बोलतो, तक्ता खोटं बोलतो, चादरीला ते शिकवलेलं नसतं. रोज सकाळी मास्तरीणबाईंच्या चादरीला एक टाका घालीन. चादर बदलली तर टाके गेलेच. नाही बदलली तर मोजून घे. भिंतीकडच्या कोपऱ्यात घालीन, तिथं कोणाचा हात जात नाही.

तू हसलीस. म्हणालीस, "आजी, तू खात्यात हवी होतीस."

बुधवारपासून इथं फरशा घासायला सुरुवात झाली होती. अचानक भेट असते ना तुमची? अचानक भेटीच्या दोन दिवस आधी टेबलावर फळांची टोपली आली. आम्ही अकराजण आणि केळी बारा, हात लावायचा नाही. शुक्रवारी सकाळी मास्तरीणबाईंच्या पलंगावर पुढच्या बाजूनं नवी चादर खोचली, पाठीपर्यंत. अर्धी. पलीकडं तीच जुनी. बाईंना उचलायला दोन माणसं लागतात, वेळ कुठला. मी मनात म्हटलं, करा, करा. बघणारी पुढून बघणार नाही.

दोरा चादरीत होता तोवर तो पुरावा होता, भिंगरे. तुझ्या पिशवीत तो नुसता दोरा आहे. हे मला त्या दिवशी कळलं नाही. मास्तरीणबाईंना कळलं.

कुंपण शेत खातं म्हणतात. मी कुंपण स्वतःच्या हातानं वाढवलं, पाणी घालून.

आजी

&nbsp;

बुधवार, १९ मार्च

भिंगरे,

तुझी चिठ्ठी पोचली. दोन ओळी. "आजी, जे केलं ते तुझ्यासाठीच केलं. कृपा करून कुठं काही बोलू नकोस."

माझ्यासाठी केलंस तर मला विचारायचं होतंस. मी काही मुकी नाही. मुकी शेजारच्या पलंगावर आहे.

चिठ्ठी घेऊन मी अत्तरबाईंच्या खोलीत गेले. न बोलावता गेले आणि न सांगता बसले. म्हटलं, "माझ्या नातीला तुम्ही काय दाखवून गप्प केलंत?"

"आजी, चहा घेणार?"

"चहा इथं चारला मिळतो. आत्ता अकरा वाजलेत."

मग त्यांनी दार लोटलं. शांतपणे सांगितलं, रागबिग नाही. ह्या घरात जागा मिळायला रांग आहे. चाळीस माणसं रांगेत, कोणाला दीड वर्ष झालं, कोणाला दोन. मी गेल्या ऑगस्टमध्ये अर्ज केला आणि चौथ्या दिवशी पलंगावर. "कसं वाटतं तुम्हाला? नंबर लागला?"

मला तसंच वाटत होतं. तू म्हणाली होतीस, "आजी, तुझा नंबर लागला." मी पिशवी भरली होती.

"तुमच्या नातीनं माझ्याकडे येऊन हात जोडले होते," अत्तरबाई म्हणाल्या. "तिची बदली ह्या भागात व्हायच्या आधी नाही हं, नंतर. तपासणारीनं मागितलं, मी दिलं. मग तिनं ऑफिसात लिहून दिलं की ह्या घरात तिचं कोणी नाही. तो कागद तिचा आहे, माझा नाही. मी कोणाला धमकी देत नाही, आजी. मी फक्त जागा देते."

बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारीचा चेहरा मला कळतो, मुकादमाखाली एकतीस वर्षं काढलीत.

म्हणजे मी काय आहे तर लाच. पिशवीत घालून दिली नाही एवढंच, पलंगावर निजवून दिली. सात महिने मी तुझ्या तोंडावरचं बूच होऊन पडले आहे आणि मला वाटत होतं मी खिडकीतून झाड बघते आहे.

आता माझंही ऐक. ही गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, आणि सांगणारही नव्हते. मास्तरीणबाईंना हे पत्र वाचून दाखवायला लागले आणि मधला भाग गाळला, तर त्या म्हणाल्या, "चूक." शाळेतल्या बाईला गाळलेलं कळतं.

खिडकीजवळचा पलंग आधी मास्तरीणबाईंचा होता. दोन्ही बाजूंनी मोकळा. धांदल तेव्हा इकडून तिकडून फिरून त्यांना वळवायची. मी आले तेव्हा मला भिंतीचा पलंग होता. पहिल्याच दिवशी जेवणाच्या खोलीत माझ्यासमोर गार रस्सा आपटला, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझी नात तपासणी खात्यात साहेब आहे, नीट वाढा." मला वाटलं, ह्यांना जरा धाक बसेल. फुशारकी मारायला तेवढंच होतं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग हलवले. मला खिडकी, मास्तरीणबाईंना भिंत. अत्तरबाई म्हणाल्या, "तुम्हाला उजेड आवडेल."

मी नाही म्हटलं नाही. उजेड आवडतोच. म्हटलं, बाईंना काय कळतंय, त्या डोळे उघडतात तेव्हा छताकडेच बघतात. त्यांना सगळं कळत होतं हे मला एका महिन्यानं समजलं. आणि तेव्हाही मी पलंग बदला म्हटलं नाही. 'पुढच्या आठवड्यात सांगू' म्हणत सहा महिने काढले, आणि मग शहाणपणा करून सुई काढली. टाके घालणं सोपं होतं. खिडकी सोडणं अवघड होतं.

तेव्हा तू जे केलंस त्याची सुरुवात माझ्या तोंडातून झालेली आहे. पण लक्षात ठेव, मी कोणाला वचन देऊन ते मोडलेलं नाही. तू माझ्या मांडीला मांडी लावून बाकावर बसलीस, पुरावा दे म्हणालीस, मी दिला, आणि तू तो घेऊन अत्तरबाईंच्या हातात माझी सुई ठेवलीस. सुईचं सांगायची काय गरज होती? दोरा उसवला होतास, काम झालं होतं. सुई तरी मला ठेवायचीस. म्हातारीनं पुन्हा टाके घालू नयेत म्हणून ना?

आजी

&nbsp;

मंगळवार, २५ मार्च

भिंगरे,

मास्तरीणबाईंच्या खुब्यावरची जखम मी आज उघड्यावर पाहिली. मागच्या महिन्यात बटणाएवढी होती, असं धांदल सांगते. आता वाटीच्या तोंडाएवढी आहे आणि मधोमध खोल. वासावरून मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. चादरीवर आधी पिवळा डाग येतो, मग त्याला तपकिरी कड येते. कड आली की धुलाईत आम्ही ती चादर वेगळ्या टोपलीत टाकायचो आणि एकमेकींकडे बघायचो नाही.

मी धांदलला म्हटलं, "चल, पलंग हलवू."

"आजी, माझी नोकरी घालवता का?"

"नोकरी जाईल तेव्हा जाईल. बाई आधी जाईल."

"मॅडमना विचारू तरी."

"मॅडम कुठं आहेत?"

"बँकेत गेल्यात."

"मग काय, दारातल्या पायपुसण्याला विचारतेस?"

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, पळणार. मग तिनं खाली वाकून चाकांच्या खिट्ट्या काढल्या. म्हणाली, "एका गोष्टीची मला कायम चीड येते आजी. तक्त्यावर खुणा मीच करते. मॅडम सकाळी कोरा तक्ता देतात आणि म्हणतात, आत्ताच भरून टाक, नंतर तुला वेळ होणार नाही. खरंच होत नाही वेळ. म्हणजे मॅडम म्हणतात ते खोटं नाहीच म्हटलं तर." बोलता बोलता ती रडत होती आणि पलंग ढकलत होती, दोन्ही एकदम. अकराजणांमागं एकटी असलं की रडायलाही वेगळा वेळ मिळत नाही.

आधी माझा पलंग बाहेर काढला, मग मास्तरीणबाईंचा खिडकीपाशी नेला, मग माझा भिंतीला. दहा मिनिटं लागली. सात महिन्यांचं काम दहा मिनिटांत. बाईंना वळवायचं कसं ते मी दाखवलं. माणसाला धरून ओढायचं नाही, खालची चादर दोन्हीकडून मुठीत धरायची आणि चादर वळवायची, माणूस आपोआप वळतो. वॉर्डातल्या आया असंच करायच्या. दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो तेव्हा हे जमलं. एका बाजूनं जन्मात जमलं नसतं.

मास्तरीणबाई डाव्या कुशीवर वळल्या. किती दिवसांनी वळल्या देव जाणे. खिडकीकडे तोंड आलं. मला वाटलं, बरोबर म्हणतील. झाड बघत राहिल्या. मला आत कुठंतरी टोचलं, झाड मी चांगलं ओळखत होते.

अत्तरबाई परत आल्या, दारात थांबल्या, बघितलं. म्हणाल्या, "आजी, हे तुमचं घर नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच हलवलं. घर असतं तर आधी विचारलं असतं."

पलंग परत हलवायला त्यांनी धांदलला सांगितलं. धांदल म्हणाली, "माझ्या कंबरेत भरलंय." सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कंबरेत काही भरलं.

आता मुद्द्याचं. मी तुझ्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिलंय. चार पानं. सगळं लिहिलंय. तक्ता, चादर, टाके, दोरा कोणी उसवला, सुई कशी गेली. मी तुझी कोण आणि मला चौथ्या दिवशी जागा कशी मिळाली, तेही. माझी फुशारकीही लिहिली, म्हणजे मी साळसूद आहे असं कोणाला वाटू नये. पत्ता धांदलनं तुमच्या अहवालावरूनच उतरवून दिला. अहवालाचा तेवढा उपयोग झाला.

पाकीट चिकटवून उशीच्या अभ्र्यात ठेवलंय, सुई होती तिथं. शनिवारी धांदल टाकणार. तोवर चार दिवस आहेत. तू आधी जाऊन सांगितलंस तर चांगलं. नाही सांगितलंस तर माझं पत्र जाईल. ही धमकी नाही. अत्तरबाई धमकी देत नाहीत तशी मीही देत नाही, मी फक्त टपाल टाकते.

तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. तुझ्या शिक्षणासाठी मी रात्रपाळ्या केल्या त्या ह्यासाठी नाही, असं काही मी लिहिणार नाही. लिहिलं तर मास्तरीणबाई पुरे म्हणतील. रात्रपाळी मला आवडायची, मुकादम झोपलेला असायचा.

पण एक सांगते. लहानपणी तू बापाची खोटी सही केलीस तेव्हा मी तुला मारलं नव्हतं. बापानं घर सोडलं होतं, सही कोण करणार होतं? मी म्हटलं, पोर अडचणीतून वाट काढते. तिथंच चुकलं असेल. अडचण आणि वाट यातलं नेमकं काय काढतेस ते मी बघितलं नाही.

आजी

&nbsp;

सोमवार, ७ एप्रिल

भिंगरे,

तू गेली नाहीस. शनिवारी पत्र टाकलं.

गुरुवारी ते जाड चष्म्याचे साहेब आले. खरोखर अचानक, कारण फरशीवर सकाळचं पाणी तसंच होतं आणि केळ्यांचा पत्ता नव्हता. त्याच दिवशी सकाळच्या टपालानं तुझं पाकीट आलं होतं. आत चिठ्ठी नाही. एक फोटो, कागदावर छापलेला, आणि कापसात गुंडाळलेला लाल दोरा. गाठीसकट.

मी ते कापूस उलटंसुलटं करून बघितलं. म्हटलं, एखादा शब्द असेल. नव्हता.

साहेब माझ्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. उभ्यानं विचारत नव्हते हे मी बघून ठेवलं. माझी चार पानं त्यांच्या हातात होती. म्हणाले, "आजी, तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं. पण ती चादर धुतली गेली, दोरा नाही. तुमच्या शब्दाशिवाय माझ्याकडे काय आहे?"

हाच प्रश्न बाकावर तू विचारला होतास.

मी उशीखालून पाकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. तू ते माफीसाठी पाठवलंस की पुराव्यासाठी, हे मला कळलं नाही. चिठ्ठी नव्हती तेव्हा माझ्या मनानं घेतलं. पुरावा म्हणून वापरलं.

फोटो त्यांनी खिडकीशी नेऊन बघितला. चादरीचा कोपरा, भिंतीचा उडालेला रंग, लाल टाके, खाली तारीख आणि वेळ. त्यांनी मोजले. "पाच. म्हणजे पाच दिवस तीच चादर."

खिडकीच्या पलंगावरून आवाज आला, "चूक."

साहेब दचकले. मी म्हटलं, "बाईंचं खरं आहे. टाके सोमवारपासूनचे. चादर रविवारीही तीच होती. सहा." त्यांनी खोडून सहा लिहिलं. अधिकाऱ्याला खोडायला लागलं ह्याचा मास्तरीणबाईंना फार आनंद झाला, ओठाची एक कड हलली.

मग साहेबांनी फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं. चादरीचा कोपरा उचलून धरलेला अंगठा आला होता तिथं. पांढरा डाग स्पष्ट. तू तो कापून काढू शकली असतीस. मोबाइलवर तुम्ही लोक नको ते कापता, मी पाहिलंय. कापला नाहीस.

"हा अंगठा कोणाचा, सांगता येईल?"

भिंगरे, मी आधी दाराकडे बघितलं. अत्तरबाई दारात उभ्या होत्या. धांदल पाण्याची बादली घेऊन थांबली होती. मला म्हणता आलं असतं, म्हातारी आहे, दिसत नाही नीट. चार पानांत तुझं नाव लिहिणं वेगळं होतं. तेव्हा मी एकटी होते आणि रागात होते. इथं समोर तुझा अंगठा होता, मी तुपात बुडवून फडक्यात बांधलेला.

म्हटलं, "माझ्या नातीचा. डाग धुलाईतल्या इस्त्रीचा. त्या दिवशी ह्या चादरीचा कोपरा तिनं उचलला, आणि दोरा तिनंच काढला. लिहा."

त्यांनी लिहिलं. एकही शब्द गाळला नाही, फळी माझ्या नाकासमोर होती.

आता बातम्या. भिंतीवरची चौकट उतरली, खिळा तसाच आहे. मास्तरीणबाईंना रोज जखम धुवायला परिचारिका येते. म्हणते, खोल आहे पण भरेल, वेळ लागेल. धांदलच्या जोडीला आणखी एक बाई आली आहे. ती हळू चालते, धांदल तिच्यावर ओरडते, आमची करमणूक होते. अत्तरबाईंची चौकशी चालू आहे. अत्तर लावायच्या थांबल्या नाहीत. तुला घरी बसवलंय हे मला साहेबांकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

आणि माझी जागा रांग मोडून मिळालेली होती, तेव्हा ती जाणार. साहेबांनी हे सांगताना चष्मा पुसला. मी म्हटलं, पुसू नका, मीच लिहिलंय ते. महिनाअखेर पलंग रिकामा करायचा आहे. रांगेत माझा नंबर आता एक्केचाळिसावा. मोजून बघितलं, जगले तर लागेल.

तेव्हा तीस तारखेला मला न्यायला ये. आता तुला सुट्टीच आहे, वेळ नाही असं सांगू नकोस. सामान एका पिशवीत मावतं. माफ केलं असं समजून येऊ नकोस, मी काही माफ केलेलं नाही, आणि तूही मला करावंस असं मी म्हणत नाही. दोघी एका खोलीत राहू तेव्हा त्याचं बघू. मास्तरीणबाईंना भेटून जायचं. त्या तुला एक शब्द म्हणतील, तो उभं राहून ऐकायचा.

सुई अत्तरबाईंनी परत दिली नाही. एक आण, मोठ्या नेढ्याची.

आणि तुझी खोली लहान आहे हे मला माहीत आहे, पण आत्ताच सांगून ठेवते. माझी खाट भिंतीला लावायची नाही.

आजी